पहिल्या ट्रॅक डेसाठी गाडी कशी तयार करायची: कोल्हापुरातून निघणाऱ्यांसाठी

कोल्हापूरला गाड्यांचा नाद नवा नाही. शिवाजी उद्यमनगरात पिढ्यान् पिढ्या इंजिनं उघडणारे हात आहेत. मोहिते रेसिंग ॲकॅडमीच्या कार्टिंग ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. ध्रुव मोहिते, कृष्णराज महाडिक यांच्यासारखे चालक याच गावातून शर्यतीत उतरले. त्यामुळे कुणी पोलो जीटी, व्हर्टस जीटी, आय-ट्वेंटी एन लाइन घेतली, किंवा हौसेनं जुनी बीएमडब्ल्यू उचलली, की महिनाभरात ‘एकदा ट्रॅकवर घेऊन जाऊ’ हा विषय निघतोच. निघायलाच हवा. त्या वेगाला लायक जागा तीच आहे.

पण तयारीचं बोलणं सुरू झालं की पहिला प्रश्न रिमॅपचा (इंजिनच्या संगणकाची मांडणी बदलून ताकद वाढवण्याचा) आणि दुसरा सायलेन्सरचा. माझं सांगणं एकच आहे: पहिल्या वेळी गाडीची ताकद अजिबात वाढवू नका. कंपनीनं दिलेलं इंजिन ट्रॅकवर तुमच्यासाठी भरपूर आहे. तोच पैसा ब्रेक, टायर आणि तेल-पाण्यात घाला. ज्या गाडीनं ट्रॅकवर जाणार, तिनंच चेन्नईहून नऊशे किलोमीटर परत यायचं आहे आणि सोमवारी पोरांना शाळेत सोडायचं आहे. सगळी तयारी या एका हिशेबानं करायची.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे

ट्रॅक डेला आपली नेहमीची गाडी घेऊन बंद ट्रॅकवर चालवायची असते. पंधरा-वीस मिनिटांची सत्रं असतात आणि चालकांचे अनुभवानुसार गट पाडलेले असतात. नंबर येत नाही, बक्षीस नसतं. ओव्हरटेकसुद्धा ठरलेल्या सरळ पट्ट्यात आणि पुढच्यानं हात दाखवल्यावरच करायचा.

आपल्या बाजूनं सोयीचे ट्रॅक दक्षिणेला आहेत. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट ३.७ किलोमीटरचा, आणि कोइमतूरजवळ चेट्टीपाळयमचा करी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचा आहे, पण पहिल्या खेपेला तेवढ्या लांब जाऊ नका. चेन्नईला जाणं सोपं आहे. कावळा नाक्यावरून हायवेला लागलात की हाच राष्ट्रीय महामार्ग ४८ बेळगाव, हुबळी, बेंगळुरू, वेल्लोर करत थेट इरुंगट्टुकोट्टईजवळून जातो.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. आंबा घाट, गगनबावडा किंवा पन्हाळ्याचा रस्ता ही सरावाची जागा नाही. वळणापलीकडे एसटी, दुचाकीवरचं कुटुंब किंवा दुधाची गाडी असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. कायदा बाजूला ठेवला तरी घाटात गाडीची आणि आपली हद्द कळत नाही. ती कळते तेव्हा उशीर झालेला असतो. हात बसवायचा असेल तर आधी कार्ट, म्हणजे शर्यतीची छोटी उघडी गाडी, चालवा. ब्रेक कुठं सोडायचा, नजर वळणाच्या पुढं कशी ठेवायची, हे कार्टमध्ये स्वस्तात शिकता येतं.

आधी विम्याचा कागद काढा

आपली नेहमीची खासगी कारची पॉलिसी उघडा आणि ‘वापराच्या मर्यादा’ हा परिच्छेद वाचा. संघटित शर्यत, पेस मेकिंग, वेगचाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल यांसाठीचा वापर त्यात वगळलेला असतो. म्हणजे ट्रॅकवर गाडी भिंतीला लागली तर दुरुस्तीचा खर्च आपला, असंच धरून चाला. कंपनीची वॉरंटी शिल्लक असेल तर तिच्या पुस्तिकेतल्या अटीही पाहून घ्या. आयोजक जो जबाबदारीचा कागद सही करायला देतात, तो न वाचता सही करू नका. त्यांचा डॉक्टर, ॲम्ब्युलन्स आणि रिकव्हरीची सोय काय आहे, हे आधी फोनवर विचारा. हे प्रश्न विचारल्यावर चिडणाऱ्या आयोजकाकडे गाडी नेऊ नये.

हे सगळं घरात सांगूनच पुढं जा.

दीड महिना आधी: गाडी वर घ्या

पहिली पायरी तपासणीची आहे, काहीही विकत घेण्याआधी. गाडी लिफ्टवर घ्या आणि मिस्त्रींसोबत स्वतः खाली उभे राहा. चाक वर-खाली धरून हलवा, मग डावीकडून-उजवीकडे. वर-खाली ढिलं लागलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट पाहा, आडवं ढिलं लागलं तर टायरॉड एंड. लोअर आर्मचे बुश फाटलेत का, शॉकॲबसॉर्बरवर तेल उतरलंय का, ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट अखंड आहेत का, इंजिन माउंटिंगला तडा आहे का, हेही बघून घ्या. आपल्याकडच्या रस्त्यांवर दोन पावसाळे काढलेल्या गाडीत यातलं एखादं तरी निघतंच.

इथं काही ढिलं सापडलं तर तारीख पुढं ढकला. शहरात चाळीसच्या वेगाला जो आवाज ‘थोडा खडखड’ असतो, तोच भाग ताशी १४० ला पूर्ण दाबाखाली येतो.

बॅटरीचा क्लॅम्प हातानं हलवून बघा. तो ढिला असेल तर जोरदार वळणात बॅटरी सरकते. रेडिएटरचे होज दाबून बघा, पंखा वेळेवर लागतो का ते पाहा, आणि कूलंटमध्ये कुणी साधं नळाचं पाणी भरलं असेल तर सगळं काढून नवं घाला.

ब्रेक: सगळ्यात जास्त वेळ इथं द्या

साधारण १,२०० किलोची गाडी १६० वरून ६० वर आणताना ब्रेकना जवळपास १० लाख ज्यूल ऊर्जा पचवावी लागते. तेवढ्या उष्णतेत सुमारे ३ लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीला येईल. हे एका वळणाआधी. पुढच्या वळणाआधी पुन्हा, आणि सत्रभर हेच चालतं. राजारामपुरीतून स्टेशनपर्यंत जाताना आपण ब्रेक कितीही वेळा दाबले तरी याच्या जवळपासही जात नाही. म्हणून रस्त्यावर उत्तम वाटणारे ब्रेक ट्रॅकवर तिसऱ्या लॅपलाच (फेरीलाच) हात टेकतात.

सुरुवात ब्रेक ऑइलपासून. हे तेल हवेतली ओल ओढून घेतं, आणि आपल्याकडं चार महिने हवेत दुसरं काही नसतं. डॉट ४ दर्जाच्या ताज्या तेलाचा उत्कलनांक किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात साधारण ३.७ टक्के पाणी मुरलं की तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. कॅलिपरमध्ये, म्हणजे ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागात, तेल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबलं जात नाही, पण वाफ दाबली जाते. मग पेडल सरळ फ्लोअरला जातं आणि गाडी थांबत नाही.

उद्यमनगरात तुम्ही ‘मिस्त्री, ब्रेकचं ऑइल बदलायचंय’ म्हणालात, तर ‘कशाला मालक, पेडल घट्ट हाय की!’ असं उत्तर मिळण्याची शक्यता आहे. रस्त्याच्या हिशेबानं ते बरोबरच बोलतात. तुम्ही ‘ट्रॅकवर न्यायची आहे’ एवढं सांगा आणि शेजारी उभे राहा. कॅलिपरच्या निपलला पारदर्शक नळी लावून दुसरं टोक बाटलीत सोडलं की सगळं डोळ्यांना दिसतं. आधी काळपट चहासारखं तेल येतं, मध्येच बारीक बुडबुडे निघतात, मग रंग फिका होत जातो आणि शेवटी नळीत स्वच्छ सोनेरी तेल दिसतं. चारही चाकांना तसं दिसेपर्यंत काम पुरं झालं म्हणायचं नाही. चाकांचा क्रम गाडीच्या पुस्तिकेप्रमाणं ठेवा.

यात तीन गोष्टींवर अडून बसा. बाटली सीलबंद हवी आणि ती तुमच्यासमोर फोडलेली हवी. कपाटात सहा महिने उघडा पडलेला डबा चालणार नाही, कारण त्यानं ओल आधीच ओढलेली असते. काम चालू असताना वरची टाकी रिकामी होऊ देऊ नका. एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली तर ती काढायला स्कॅनर लागतो. आणि तेल रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, नाहीतर रंग उठतो. डॉट ४ ऐवजी डॉट ५.१ चालतं, त्याचा किमान उत्कलनांक २६० अंश आहे. नुसतं डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं. नाव सारखं वाटलं तरी ते आपल्या गाडीत घालायचं नाही.

यानंतर पॅड, म्हणजे डिस्कला घासून चाक थांबवणारे तुकडे. जाडी निम्म्याहून कमी उरली असेल तर बदलूनच जा. ट्रॅकवर पॅड झिजण्याचा वेग रस्त्याच्या अनेक पट असतो, आणि पातळ पॅडमधून उष्णता तेलापर्यंत लवकर पोचते. पहिल्या खेपेला कंपनीचे नवे पॅड आणि ताजं तेल पुरतं. थोडं पुढं जायचं असेल तर रस्ता आणि ट्रॅक दोन्हींसाठी बनवलेले पॅड घ्या. निव्वळ शर्यतीचे पॅड घेऊ नका. ते थंड असताना नीट धरत नाहीत, आणि सकाळी दसरा चौकात समोर कुणी आडवं आलं की तेव्हा तुमचे ब्रेक थंडच असतात.

नवे पॅड बसवले की ते डिस्कशी, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या चकतीशी, जुळवून घ्यावे लागतात. पॅडच्या डब्यावर पद्धत दिलेली असते. साधारणपणे ८० वरून ३० पर्यंत मध्यम जोरानं, गाडी पूर्ण न थांबवता आठ-दहा वेळा वेग उतरवायचा आणि नंतर दहा-पंधरा मिनिटं ब्रेक फारसे न वापरता गाडी चालवत ठेवायची. रस्ता सरळ, मोकळा आणि मागं कुणी नसलेला हवा. ऊसतोडीच्या हंगामात हे काम अंधारात करू नका. मागचा दिवा नसलेली ट्रॉली केव्हा समोर येईल सांगता येत नाही.

डिस्कचं शिरोली-गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत काम केलेल्या माणसाला वेगळं समजावावं लागत नाही. डिस्क बिडाची असते. तापलेल्या बिडाला एका जागी अचानक गार केलं की तडा जातो. म्हणून सत्राची शेवटची लॅप ब्रेक जवळजवळ न लावता, हवा खात पूर्ण करायची. पिटमध्ये (ट्रॅकबाहेर गाड्या थांबतात तिथं) आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही आणि पेडलवर पाय ठेवून थांबायचं नाही, कारण पॅड एकाच जागी दाबून राहतो. गाडी गिअरमध्ये टाका, चाकाखाली दगड किंवा ठोकळा लावा. डिस्कवर पाणी तर चुकूनही ओतू नका. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. व्हर्नियर लावून ती मोजा. काठाकडं पोचलेला तडा दिसला तर डिस्क बदला. बारीक केसासारख्या रेषा असतील तर त्यांच्यावर नजर ठेवा.

टायर

टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कितीही शिल्लक असली तरी पाच-सहा वर्षांपुढचा टायर मी ट्रॅकवर नेऊ देणार नाही, रबर कडक झालेलं असतं. बाजूला फुगवटा असेल, प्लग लावलेलं पंक्चर असेल किंवा टायर रिमोल्ड असेल, तर विचारही करू नका. वेगाचं अक्षर तपासा: टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०. बऱ्याच छोट्या गाड्यांना टी मिळतो.

मोठी अलॉय आणि रुंद टायर ही खरेदी पुढं ढकला. कंपनीच्या मापातच जरा बरे, ताजे, चारही एकाच जातीचे टायर असले की पुष्कळ झालं.

हवेचं गणित मात्र नीट समजून घ्या, कारण यातला फरक स्टिअरिंगवर लगेच जाणवतो आणि खर्च शून्य आहे. टायर तापला की आतली हवा पसरते आणि दाब सहज ५ ते ८ पीएसआय वाढतो. सकाळी थंड टायरमध्ये ३३ भरून निघालात तर चार लॅपनंतर तो ४० च्या आसपास जातो. टायर मधे फुगतो, जमिनीला कमी टेकतो, गाडी घसरायला लागते. म्हणून सत्र संपवून आलात की लगेच, टायर गरम असतानाच मोजा आणि जास्तीची हवा सोडा. दाराच्या चौकटीवरच्या आकड्याच्या आसपास किंवा दोन-तीन पीएसआय वर गरम दाब राहिला, तर सुरुवातीला ठीक. पेट्रोल पंपावरच्या गेजवर विसंबू नका, स्वतःचा चांगला गेज घ्या.

दाब बरोबर आहे का हे पाहायला खडू पुरतो. टायरच्या नक्षीपासून बाजूच्या भिंतीपर्यंत तीन-चार ठिकाणी आडव्या रेघा ओढा. सत्रानंतर बघा, खडू कुठपर्यंत पुसला गेलाय. भिंतीवर उतरून पुसला असेल तर टायर दुमडतोय, हवा कमी आहे. खांद्याच्या (नक्षी संपते त्या कडेच्या) बऱ्याच आत रेघ शाबूत असेल तर हवा जास्त आहे. बरोबर खांद्याच्या टोकाशी, जिथं बहुतेक टायरवर छोटा त्रिकोण असतो, तिथपर्यंत पुसला गेला की जमलं.

घरी परतताना मात्र टायर थंड झाल्यावर हवा पुन्हा पुस्तिकेप्रमाणं भरायची. ट्रॅकवर सोडलेल्या हवेवर, सामान भरून हायवेला लागणं धोक्याचं आहे.

व्हील अलाइनमेंट नव्यानं करून घ्या आणि छापील आकड्यांचा कागद जपून ठेवा. पुढच्या चाकांना थोडा निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत कलणं) वाढवता आला तर बाहेरचा खांदा कमी झिजतो, पण बऱ्याच गाड्यांत तो वेगळे बोल्ट घातल्याशिवाय बदलत नाही. ते काम नंतरचं.

चाकांचे बोल्ट टॉर्क रेंचनंच, म्हणजे ठरल्या जोराला आवळणाऱ्या पान्यानंच, आवळा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांना १२० न्यूटन मीटर लागतो, बाकीच्यांनी पुस्तिका पाहावी. एअर गननं ‘कडक’ केलेला बोल्ट म्हणजे नेमका किती, हे कुणालाच माहीत नसतं. हा रेंच विकत घ्या. ट्रॅकवर प्रत्येक सत्रानंतर, चाकं थोडी निवाल्यावर, तो फिरवायचा आहे.

इंजिन आणि गिअरबॉक्स

इथं फार सांगण्यासारखं नाही. पुस्तिकेत दिलेल्या दर्जाचं ताजं सिंथेटिक ऑइल, नवा फिल्टर, पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेजवळ पण खुणेच्या वर नाही. लांब वळणात तेल संपच्या (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याच्या) एका बाजूला जातं आणि पातळी कमी असली तर पंप हवा ओढतो. जास्त भरलं तर फेस होतो. प्रत्येक सत्रानंतर सपाट जागी दोन-चार मिनिटं थांबून डिपस्टिक पाहा. एअर फिल्टर स्वच्छ असावा, बस्स.

ड्राय क्लचचा सात स्पीड डीएसजी (फोक्सवॅगन-स्कोडाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर पिटच्या रांगेत इंच-इंच पुढं सरकवत राहू नका, क्लच तापतो. न्यूट्रलला टाका आणि पुढं मोकळी जागा झाली की एकदम सरका. मॅन्युअल असेल तर क्लच ऑइलही त्याच दिवशी बदला, कारण बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेकची टाकी एकच असते.

पेट्रोल अर्ध्या टाकीच्या खाली जाऊ देऊ नका. वळणात पेट्रोल एका बाजूला गेलं की इंजिन गचका खातं. आणि ट्रॅकवर मायलेज रस्त्याच्या निम्म्याहूनही खाली येतं, त्यामुळं जवळचा पंप किती लांब आहे आणि तो कधी उघडतो, हे आदल्या संध्याकाळीच पाहून ठेवा.

आत बसण्याची जागा आणि अंगावरचं

सीट पुढं घ्या. पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या टोकावर टेकलं पाहिजे आणि ब्रेक तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. मग हेल्मेट घालून बसा आणि छताला लागतं का ते पाहा. सनरूफ असलेल्या गाड्यांत उंच माणसाची इथंच अडचण होते, सीट एक-दोन खाच खाली घ्यावी लागते.

हेल्मेट पूर्ण चेहरा झाकणारं हवं. कारसाठीच्या हेल्मेटचं अस्तर आग सोसणारं असतं, दुचाकीच्या हेल्मेटचं तसं असेलच असं नाही. पहिल्या वेळी दुचाकीचं चालेल का, हे आयोजकांना विचारा. एखाद्या अपघातात पडलेलं हेल्मेट मात्र वापरू नका. अंगात पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, सुती पँट आणि पातळ तळव्याचे, बंद, लेस घट्ट असलेले बूट. सिंथेटिक टी-शर्ट आगीत कातडीला चिकटतो.

चार पॉइंटचे रेसिंग बेल्ट बसवण्याचा मोह टाळा. रोल केज (छत दबू नये म्हणून आत बसवलेला लोखंडी पिंजरा) नसताना गाडी उलटली तर हे बेल्ट माणसाला ताठ बांधून ठेवतात आणि छत खाली दबलं की वाकायला जागा उरत नाही. कंपनीचा तीन पॉइंटचा बेल्ट आणि एअरबॅग एकमेकांच्या हिशेबानं बनवलेले असतात. पहिल्या ट्रॅक डेला तेच वापरा.

गाडी रिकामी करा. मॅट, स्टेपनी, जॅक, पाण्याच्या बाटल्या, छत्री, दारातली सुटी नाणी, सगळं बाहेर. चालकाच्या पायातला मॅट सरकून पेडलखाली अडकू शकतो. डॅशबोर्डवर अंबाबाईची किंवा जोतिबाची मूर्ती असेल तर नमस्कार करून काढा आणि कापडात गुंडाळून पिशवीत ठेवा. चिकटपट्टीवर बसवलेली कुठलीही वस्तू जोरदार ब्रेकला सुटून उडते. फोनच्या होल्डरचंही तेच.

टो हुक (गाडी ओढायचा आकडा) एकदा बसवून पाहा. काही गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात, आणि मातीत अडकलेल्या गाडीजवळ रिकव्हरीवाला उभा असताना हे शोधत बसणं बरं नाही.

निघण्याआधीचा आठवडा आणि प्रवास

तयारीचं कुठलंही काम शेवटच्या दोन दिवसांवर ठेवू नका. ब्रेक उघडल्यानंतर किमान शे-दोनशे किलोमीटर गाडी चालवून, बोल्ट पुन्हा तपासून मगच लांबचा रस्ता धरा. सोबत घ्यायचं सामान थोडकंच: टॉर्क रेंच, हवेचा गेज आणि छोटा कॉम्प्रेसर, एक लिटर इंजिन ऑइल, सीलबंद ब्रेक ऑइल, पॅडचा एक जास्तीचा संच, खडू, चिकटपट्टी, टॉर्च, सुती हातमोजे आणि वही. लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी हे रस्त्यासाठी लागणारच.

एक दिवस आधी पोचा. नऊशे किलोमीटर चालवून दुसऱ्या सकाळी थेट हेल्मेट घालणं मला पटत नाही. दोघं असाल तर गाडी आलटून-पालटून चालवा. परतीसाठीही एक दिवस मोकळा ठेवा. गाडी बिघडली तर तिला ट्रकवर घालून आणायला किती खर्च येईल, याचा अंदाज आधी काढा आणि तेवढे पैसे वेगळे ठेवा. ते बाजूला काढायची तयारी नसेल तर या वर्षी जाऊ नका.

ट्रॅकवर

सकाळचं ब्रीफिंग चुकवू नका. तिथं झेंडे सांगतात. पिवळा दिसला की वेग कमी करायचा, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सत्र थांबलं, सावकाश पिटमध्ये या. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय, तिला जाऊ द्या. पिवळ्या-लाल पट्ट्यांचा झेंडा ट्रॅकवर तेल किंवा पाणी असल्याचं सांगतो. काळा झेंडा, किंवा काळ्यावर नारिंगी गोल, तुम्हाला उद्देशून दाखवला तर लगेच आत यायचं. नारिंगी गोल असेल तर तुमच्या गाडीत काहीतरी बिघाड दिसलाय. झेंडेवाले कुठं कुठं उभे आहेत, हे पहिल्या सावकाश लॅपमध्ये पाहून ठेवा.

ईएसपी आणि ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे घसरणारी गाडी सावरणाऱ्या यंत्रणा, चालूच ठेवा. दिवसभर. शिकवणारा चालक शेजारी बसायला मिळत असेल तर त्याचे पैसे आनंदानं द्या, इतर कुठल्याही खरेदीपेक्षा ते जास्त उपयोगी पडतील. पहिलं सत्र फक्त रेषा (वळणातून गाडी न्यायची वाट) आणि ब्रेकच्या जागा ओळखण्यासाठी. पहिली लॅप सावकाश, टायर आणि ब्रेक तापवण्यापुरती. मग तीन-चार लॅप जोरात, मग एक निवांत लॅप, की आत. पंधरा मिनिटांचं सत्र आहे म्हणून पंधरा मिनिटं पिळायची गरज नाही.

पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं, जळकट वास आला, तापमानाचा काटा वर चढला, किंवा स्टिअरिंग थरथरलं, तर ‘एवढी लॅप पुरी करतो’ म्हणू नका. हात वर करा, बाजू धरा, आत या. आत आल्यावर बॉनेट उघडून गाडीला निदान अर्धा तास द्या. ब्रेकचं तेल उकळलं असेल तर ते गार झाल्यावर पेडल पुन्हा ठीक वाटतं, पण तेल खराब झालेलं असतं. त्यातली हवा काढून नवं तेल भरल्याशिवाय पुढचं सत्र करायचं नाही.

स्वतःलाही पाणी पाजत राहा. इरुंगट्टुकोट्टईची हवा दमट आहे, गाडीत हेल्मेट घालून घाम धो-धो वाहतो आणि तहान लागायच्या आधीच लक्ष ढळायला लागतं. दुपारी पोटभर जेवून लगेच गाडीत बसू नका. दिवसाच्या शेवटच्या सत्रात चालक आणि टायर दोघंही थकलेले असतात. जरा जरी कंटाळा वाटला तर ते सोडून द्या.

प्रत्येक सत्रानंतर वहीत चार ओळी लिहा: थंड आणि गरम दाब, पॅडची अंदाजे जाडी, तेलाची पातळी, गाडी कुठं घसरली.

परत आल्यावर

परतीला निघण्याआधी चाकांचे बोल्ट, हवा, स्टेपनी आणि जॅक, चारही जागच्या जागी. कोल्हापुरात आल्यावर गाडी पुन्हा त्याच लिफ्टवर घ्या आणि आधीचंच निरीक्षण त्याच क्रमानं करा: बॉल जॉइंट, बेअरिंग, बुश, शाफ्टचे बूट. पॅड काढून बघा, काठ तुटलेत किंवा पृष्ठभाग काचेसारखा चकाकतोय का. पुढच्या टायरचे बाहेरचे खांदे तपासा. अलाइनमेंट पुन्हा मोजा आणि आधीच्या छापील कागदाशी ताडून पाहा. फरक पडला असेल तर काहीतरी वाकलंय किंवा सरकलंय. इंजिन ऑइल ठरलेल्या किलोमीटरची वाट न पाहता बदला.

पुढच्या खेपेला काय खरेदी करायची, ते वहीच सांगेल. बाहेरचे खांदे खाल्ले गेले असतील तर कॅम्बर बोल्ट, पेडल मऊ झालं असेल तर वरच्या दर्जाचं तेल आणि पॅड, तापमान चढलं असेल तर रेडिएटर आणि पंखा. ब्रेक ऑइल उकळलं नसेल आणि पुढची तारीख पावसाळ्यानंतरची असेल, तर ते आत्ता बदलू नका, जाण्याच्या दोन आठवडे आधी बदला.